कामटीमायने परत पाठवलेला गुडघा

दुसरबीडच्या शाळेत हेडमास्तर असताना मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीचा पिकलेला गुडघा जवसाच्या तेलाने पाऊण तास चोळला, आणि ती सोंग करते आहे असे ठरवून दुसऱ्या दिवशी तिला शाळेपर्यंत चालवत नेले.

एकदा हे सांगून टाकले म्हणजे पुढचे सांगायला मी मोकळा. ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग विचारतो, "मग पायाचं काय झालं?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आमची कामटीमाय. त्या पायाला तिने औषध दिले नाही की तो ओढून बसवला नाही. तिने तो परत पाठवला. पण तो किस्सा नंतर. आधी तिचे हात सांगतो.

कामटीमायचे हात थंड असत. वैशाखात, दुसरबीडच्या रस्त्यावर अनवाणी बैलसुद्धा पाय उचलून चालतो त्या दिवसांत, तिचे हात रांजणाच्या बुडासारखे गार असत. बाई अंगाने चिमणीएवढी, पण पंजे गवंड्याचे. गावाच्या ओढ्याकाठी तिची भाजीची वाडी होती, आणि वाडीतच घर. वांगी, मिरच्या, वालाचे वेल, कोथिंबीर. तिथेच विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचे पाणी पडते तिथे, ती लोकांची हाडे बसवी. कोणी मोडलेला हात घेऊन आला की ती आधी बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून बसे. येणाऱ्याच्या जिवाची काहिली होत असे आणि ही बाई आपली पाण्यात हात घालून वाऱ्याकडे पाहत बसलेली. कोणी घाई केली तर म्हणायची, "माहा हात तापेल असला तं तुहा ताप मले कसा समजन?"

तिचे खरे नाव गावात कोणालाच ठाऊक नव्हते. बांबूच्या कामट्या बांधून ती हाड धरून ठेवी, म्हणून कामटीमाय. ती कोणाकडून काही घेत नसे. फक्त ज्याचे हाड बसले त्याने बाजारातून एक बांबू आणून तिच्या ओसरीच्या आढ्याला खोचायचा, एवढाच तिचा दंडक. तो बांबू चिरून त्याच्या कामट्या पुढच्या माणसाला. म्हणजे सुलतानपूरच्या तेल्याचा हात मोडला तर तो दुसरबीडच्या वाण्याच्या बांबूने जुळे, आणि तेल्याचा बांबू पुढे कोणा धनगराच्या नडगीला लागे. तिच्या आढ्याकडे पाहिले की पंचक्रोशीत त्या साली कोण कोण पडले याचा हिशेब समजायचा.

हाड बसवताना ती बोलत असे. त्यात तिची एक लबाडी होती. एकदा एका गावचे पाटील घोडीवरून पडून खांदा निखळवून आले. ही बाई बोलण्यात गुंतवते आणि मग हिसका देते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी आल्या आल्या बजावले, "माय, मले काही इचारू नको. मी बोलणार नाही." आणि तोंड घट्ट मिटून बसले. माय म्हणाली, "नका बोलू बाप्पा." दहा मिनिटे ती नुसता दंड धरून बसली. मग रस्त्याकडे पाहत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हे पाटलाचा बैल कोण घेऊन चालला हो?" पाटील ओरडले, "कोणता बै—" आणि खांदा जागेवर. पाटील बैलाचे पुढचे अक्षर उच्चारायला तब्बल पाच मिनिटांनी मोकळे झाले, आणि तेव्हा त्यांनी जे अक्षर उच्चारले ते बैलाचे नव्हते.

तिचा मुलगा नारायण वाडीत मोट हाकायचा. पस्तिशीचा, कामाला वाघ, पण त्याचा डावा गुडघा लाकडासारखा ताठ. वाकतच नसे. जेवायला बसायचा तोही एक पाय समोर सोडून. गावातले टवाळ त्यावरून बोलत: "जगाचे हाडं बसवते अन् घरचंच पोरगं आखडेल." मायच्या कानावर हे जाई. पाटलालाही चकवणारी ती बाई मग बादलीतले हात तेवढे जास्त वेळ बुडवून ठेवायची. मी हे पाहिले होते, पण त्यावर विचार केला नव्हता. त्या काळी मी विचार करण्यापेक्षा निष्कर्ष काढणे पसंत करीत असे.

कारण माझी ख्याती वेगळी होती. शाळा बुडवायला पोरे जी दुखणी काढतात ती ओळखण्यात माझा हात धरणारा सिंदखेडपासून मेहकरपर्यंत कोणी नाही, असे मी मानत होतो. खरी पोटदुखी असली की मूल पोट धरते, खोटी असली की दार धरते, असली माझी निरीक्षणे मी इतर मास्तरांना मधल्या सुट्टीत ऐकवत असे. शिवाय वरच्या वर्गाला मीच आरोग्यशास्त्र शिकवत असे. जंतू, त्यांचे प्रकार, ते शरीरात कसे शिरतात, सगळे तोंडपाठ. प्रत्यक्ष शिरलेला जंतू समोर आला तेव्हा मात्र मी त्याला तेल लावले.

त्या फाल्गुनात गावभर कांजिण्या होत्या. आमच्या सुमीलाही आल्या. आमच्याकडे कांजिण्या आल्या असे म्हणत नाहीत, माता आली म्हणतात. मूल म्हणजे त्या दिवसांत मूल नसतेच. ती घरी आलेली देवी. दाराला लिंबाचे ढाळे लागले, फोडणी बंद झाली, तेल बंद झाले. पोरीला कोणी रागवायचे नाही, ती मागेल ते थंड द्यायचे, बाहेरून येणाऱ्याने पाय धुऊन तिला हात जोडायचे. माझी बायको मातेसमोर डोके टेकवी. शेजारणी येऊन म्हणत, "माय, सुखानं आली तशी सुखानं जाजो." आणि सुमी बाजेवर लिंबाच्या पाल्यात बसून, कपाळावर पुटकुळ्या मिरवत, तो नमस्कार स्वीकारीत असे. एकदा मी पाढे विचारले तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मीच दोन पावले मागे सरलो.

पाच दिवस असे गेले. पुटकुळ्यांना खपल्या धरल्या. सहाव्या दिवशी संध्याकाळी ती बाजेवरून उतरली आणि लंगडू लागली.

"बाबा, माहा टोंगळा दुखते."

मी म्हणालो, "टोंगळा नाही, गुडघा म्हणावं."

एका बापाने मुलीच्या दुखण्यावर केलेला हा पहिला उपचार. ती म्हणाली, "गुडघा दुखते." मी म्हणालो, "दुखतो." तिने मला सगळी शुद्ध रूपे म्हणून दाखवली आणि मग रडायला लागली. माझे निदान तयार होते. पाच दिवस देवी होऊन बसलेल्या पोरीला पुन्हा साधी मुलगी व्हायचे नव्हते, म्हणून हे सोंग. आणि सोंग नसेल तर बाजेवरून उडी मारताना पाय मुरगळला असेल. दोन्हींवर इलाज एकच, जवसाचे तेल.

बायको आडवी आली. "अहो, मातेच्या अंगाले तेल लावत नाहीत. अजून तिची बोळवण व्हायची आहे."

मी तिला अंधश्रद्धेवर थोडे सांगितले. थोडे म्हणजे तेल गरम होईपर्यंत. मग पाऊण तास चोळले. सुमी किंचाळत होती आणि मी म्हणत होतो, "बघ, मोकळा होतो आहे." माझ्या हाताला तो गुडघा गरम लागला हे मला आठवते. ती उष्णता माझ्या चोळण्याची, असे मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी. डिप्टीसाहेब यायचे आणि हेडमास्तरचीच मुलगी पहिलीत गैरहजर, हे मला शोभणार नव्हते. मी तिचा हात धरून तिला चालवत नेले. पाऊण फर्लांगाची वाट. ती पायाचा नुसता अंगठा टेकत आली, आणि मी तिला सांगत होतो की लंगडायचेच असेल तर निदान एकाच पायाने लंगडत जा. साहेब आले, पोरांनी गाणे म्हटले, साहेब खूश झाले. दुपारी पहिलीचे मास्तर मला बोलवायला आले. सुमी पाटीवर डोके ठेवून कापत होती. अंगात फणफणून ताप. गुडघा नारळाएवढा, आणि तो ना सरळ होत होता ना वाकत होता. रात्र बायकोने तिच्याजवळ बसून काढली.

एवढे होऊनही मला वाटत होते की सांधा निसटला आहे. उजाडताच मी पोरीला खांद्यावर टाकून कामटीमायच्या वाडीवर गेलो.

"माय, सांधा सरकला आहे. ओढून बसवा."

"बसवू ना. आधी खाली तं ठेवा तिले."

तिने बादलीत हात घातले. या वेळी फार वेळ ठेवले. मग तिने गुडघ्याला तळवा लावला नाही, मुठीची मागची बाजू लावली आणि चटकन काढून घेतली. ती उठली आणि विहिरीकाठची पांढरी चिकण माती वाटीत कालवून आणली. दोन्ही गुडघ्यांवर तिने त्या मातीचा पातळ हात दिला, भिंत सारवतात तसा. मग पदर सावरून समोर बसली.

"हे कशाला?" मी विचारले.

"चूप बसा जरा."

सुमी तापातही त्या मातीकडे पाहत होती. डावा गुडघा ओला, काळपट. उजव्यावरची माती मात्र कडेने पांढरी पडायला लागली. सूर्य अजून वर यायचा होता, ऊन नव्हते, वारा नव्हता. तरी पांढरा पट्टा आत सरकत सरकत आला आणि गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या अंगाला माती तडकली. डावा अजून ओलाच होता. कामटीमायने तडकलेल्या जागेकडे बोट दाखवले. लावले नाही, नुसते दाखवले.

"मास्तर, हा टोंगळा म्या धरणार नाही. घेऊन जा."

इथे मी माझ्या आयुष्यातला सर्वात लांबलेला मूर्खपणा केला. मला वाटले, ही बाई मातेला घाबरते. अंगावर खपल्या आहेत, देवीची बोळवण झालेली नाही, म्हणून हात लावत नाही. मी वाडीत उभा राहून तिला व्याख्यान दिले. कांजिण्या म्हणजे देवी नव्हे, तो एक संसर्गजन्य रोग आहे. तो जंतूंमुळे होतो. जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. आपला देश मागे का राहिला. विज्ञानाने काय काय केले. लेकरू चिखलावर कण्हत होते आणि मी आगगाडीच्या शोधापर्यंत आलो होतो. नारायणने मोट थांबवली होती. तो आ वासून ऐकत होता.

कामटीमायने मला पूर्ण बोलू दिले. मग म्हणाली, "झालं?"

"झालं."

"मातेचं भेव नाही मले, मास्तर. पुवाचं हाय. हाड आपल्या जाग्यावर हाय. आतून पिकून राह्यलं. तुमी सांगता ते जंतू का काय, ते आतच बसेल हायेत. ओढलं तं पोरीचा पाय जाईन. ह्याले डाक्तर लागते, सुई लागते. अन् आज लागते. उद्या नाही."

मग तिने तेलाचा वास घेतला. "हे कोनं चोळलं?"

सुमीने माझ्याकडे बोट केले.

कामटीमायने आढ्यावरच्या सहा कामट्या काढल्या. जुने लुगडे फाडून त्याच्या घड्या केल्या. पोरीने दुखण्यामुळे पाय ज्या कोनात वाकवून धरला होता त्याच कोनात, तसूभर न हलवता, मांडीपासून घोट्यापर्यंत तिने तो बांधून टाकला. हे करताना सुमीला विचारत होती, "तुमच्या घरी मांजरीले पिलं झाले म्हणे?" सुमी म्हणाली, "हाव, चार." हिसका आलाच नाही. मी मात्र सवयीने दचकलो.

नऊ वाजता रस्त्यावर मोटार यायची होती. बायकोला निघता येईना, धाकट्या मुलाच्या अंगावर त्याच सकाळी पुटकुळ्या उठल्या होत्या. मी पोरीला घेऊन रस्त्यावर उभा राहिलो तर कामटीमाय डोक्यावर गाठोडे घेऊन आली.

"तुम्ही कुठे?"

"माह्या कामट्या चालल्या ना. दवाखान्यातले लोक फेकून देतीन. वापस आणा लागतीन."

दुसरी मोठी लढाई संपून गेली होती तरी पेट्रोलच्या टंचाईने आमच्याकडची मोटार अजून कोळशावर चालायची. मागे लोखंडी भट्टी, आणि चढ आला की क्लीनर ओरडायचा, "माणसं उतरा!" देऊळगावराजाला मोटार बदलून चिखलीमार्गे बुलढाण्याला पोचेपर्यंत मी किती वेळा उतरलो आणि ढकलली हे मोजले नाही. माझा कोट कोळशाच्या पोत्यासारखा झाला. कामटीमाय मात्र जागची हलली नाही. पोरीचा बांधलेला पाय तिने आपल्या मांडीवर घेतला होता, आणि खड्डा आला की ती स्वतः उसळून पाय तेवढा अधांतरी धरायची. ड्रायव्हर मिशीवाला, दांडगा. ती मागून ओरडे, "हळू हाकल बे! मांडीवर लेकरू हाय, कापसाचं बोंदरं नाही." आणि तो दांडगा "हो माय, हो माय" करीत हळू हाके.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते आणि तुटक बोलत. त्यांनी कामट्या पाहिल्या आणि थांबले. "कोणी बांधलं हे?" मी कामटीमायकडे बोट केले. त्यांनी बांधणीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान." मग पाय सोडला, गुडघा पाहिला, आणि त्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, कांजिण्या येतात आणि जातात, बहुतेक मुलांना काही होत नाही. पण क्वचित एखाद्याची पुळी खाजवून फुटते, तिथून दुसरे जंतू रक्तात शिरतात आणि हाडात नाही तर सांध्यात जाऊन बसतात. तिथे पू झाला की तो सांधा खायला लागतो. चार दिवस असेच गेले तर पाय जन्माचा आखडतो. त्याहून वाईटही होते.

"कोणी चोळलाबिळला तर नाही?" त्यांनी विचारले.

मी तोंड उघडले. पण माझ्या आधी कामटीमाय म्हणाली, "ते जाऊ द्या जी. तेल म्या पुसून काढलं. तुमी तुमचं पाहा."

डॉक्टरांनी दार लावून घेतले. क्लोरोफॉर्मचा वास बाहेर आला. आम्ही दोघे व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी नुसता आपल्या हातांकडे पाहत होतो. जवसाच्या तेलाचा वास अजून जात नव्हता.

बऱ्याच वेळाने कामटीमाय म्हणाली, "नारायण पाच वर्साचा होता. अशीच माता येऊन गेली होती. असाच टोंगळा फुगला. तवा हाडं बसवाचं मीच नवं शिकेल होती. गावात नाव होऊन राह्यलं होतं. मले वाटलं, सांधा सरकला."

तिने आपले दोन्ही पंजे मांडीवर उलटे ठेवले.

"दोन डाव ओढला म्या. सोताच्या हातानं. अन् तेलही लावलं."

समोर दवाखान्याच्या आवारात एक माणूस झाडांना पाणी घालत होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. "लोक म्हणतात ते खोटं नाही. पोरगं वाचलं, टोंगळा गेला. मंग म्या माती लावणं सुरू केलं. जिथं माती आधी वाळते तिथं हात लावाचा नाही." आणि मग माझ्याकडे न पाहता, "तुमी एक डाव चोळला. म्या दोन डाव ओढला. बसा आता गुमान."

त्याआधी कोणी माझी समजूत काढली नव्हती असे नाही. पण स्वतःचे खोटे नाणे माझ्या नाण्याशेजारी ठेवून, हे बघ माझेही वाजत नाही, असे म्हणणारी तीच एक.

दार उघडले. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला लहानशी चीर देऊन पू काढला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलीत. मग पेनिसिलीन नावाचे तेव्हाचे अगदी नवे औषध सुरू झाले. दर तीन तासांनी सुई. सुमी सुईवाल्या सिस्टरला पाहिले की भोकाड पसरी, आणि मी धीर द्यायला गेलो की जास्त पसरी. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी तिने सिस्टरला विचारले, "मी माता आहे, तुम्ही माझ्या पाया का पडत नाही?" तेव्हा मी ओळखले की पोरगी बरी होणार.

कामट्या घेऊन दुसऱ्याच दिवशी परत जाणारी कामटीमाय आठ दिवस राहिली. दोन दिवसांत दवाखान्यातले रोगी तिला शोधत व्हरांड्यात यायला लागले. तिने कोणाला हात लावला नाही. "आत डाक्तर हाय ना, मग माह्याजवळ कायले?" म्हणून परत पाठवी. पण पट्ट्या कशा बांधल्या आहेत ते वाकून वाकून पाही. निघताना डॉक्टरांनी तिच्या दोन कामट्या मागून घेतल्या. ती म्हणाली, "ठेवा. पण मोडल्या माणसालेच लावजो, खिडकीले नका लावू."

घरी आलो तेव्हा जखम भरली होती, पण गुडघा आखडला होता. थोडासाच वाके. डॉक्टरांनी सांगितले होते, रोज हळूहळू वाकवा, जबरदस्ती नको. सुमी कोणाला हात लावू देईना. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता. नारायणसारखी ही पोरगीही एक पाय समोर सोडून जेवायला बसणार का?

कामटीमायने सांगितले, "रोज वाडीत पाठवा. भाजी तोडाले."

मी शाळेतून कोनमापक आणला. रोज संध्याकाळी गुडघा किती वाकला ते मोजून मी भिंतीवरच्या कागदावर आलेख काढत असे. कामटीमायने तो एकदा पाहिला. म्हणाली, "कागद वाकवून राह्यले का पोरीचा पाय?" तिची पद्धत वेगळी होती. पहिल्या आठवड्यात तिने सुमीला वालाच्या शेंगा तोडायला लावल्या. वेल मांडवावर होता, उभ्या उभ्या तोडायच्या. दुसऱ्या आठवड्यात वांगी, म्हणजे थोडे वाकायचे. मग मिरच्या. मिरचीच्या झाडाच्या खालच्या फांद्यांवर ती सगळ्यात लाल मिरच्या राखून ठेवी आणि म्हणे, "खालच्या तोड बाई, वरच्या कच्च्या हायेत." पोरीला व्यायाम चालला आहे हे कधी समजलेच नाही. माझा आलेख दोनदा चुकला, पण पाय चुकला नाही. आणि ज्येष्ठ लागता लागता एका सकाळी मी पाहिले तर सुमी कोथिंबिरीच्या वाफ्यात दोन्ही टाचांवर उकिडवी बसली होती. नारायण मोट सोडून आला आणि तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग परत गेला आणि बैलांना उगाच मोठ्याने हाका मारायला लागला.

पुढच्याच महिन्यात माझी मलकापूरला बदली झाली. सामान गाड्यात चढले होते. मी सुमीला घेऊन कामटीमायच्या पाया पडायला गेलो. बायकोने लुगडे दिले होते. आढ्याला खोचायला मी स्वतः निवडून एक बांबू आणला होता. तिने लुगडे बाजूला ठेवले आणि बांबू नीट निरखून पाहिला. "किडका नाही ना?" तेवढेच विचारले.

मी म्हणालो, "माय, एक मागणं आहे. मला हात लावून ओळखायला शिकवा. माझ्यासमोर रोज शंभर पोरं असतात. पुन्हा असं व्हायला नको."

तिला ते पटले असावे. तिने माझे हात बादलीत घालायला लावले. मग सुमीला ओट्यावर बसवले, परकर गुडघ्यांवरून ओढून घेतला आणि म्हणाली, "डोळे मिटा. दोन्ही टोंगळ्यावर हात ठेवा. घाई नका करू. कोणता आजारी होता ते सांगा."

मी डोळे मिटले. दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. घाई केली नाही, चांगला मिनिटभर ठेवले. मग मी म्हणालो, "हा. डावा. किंचित जाड लागतो, आणि एका कडेला थोडी उष्णता उरली आहे. सूक्ष्म आहे, पण सरावलेल्या हाताला जाणवते."

सुमी खो खो हसत ओट्यावर आडवी झाली. चीर उजव्या गुडघ्याला होती; तो मी रोज कोनमापकाने मोजला होता, पण त्या क्षणी आठवणीपेक्षा हाताचे ऐकले.

मी डोळे उघडून म्हणालो, "मग हे तर फारच उत्तम! पाय इतका बरा झाला की बापालासुद्धा ओळखू आला नाही."

कामटीमायने सुमीचा परकर नीट केला, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिले.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमी आपलं शिकवाचंच काम करत जा. शिकाचं तुमाले जमत नाही."